नोकरीसाठी गाव बदलताय? आधी वस्ती बघा, मग घर

नव्या नोकरीचं पत्र हातात पडलं की त्याच संध्याकाळी बहुतेक जण घरांच्या जाहिराती उघडून फोटो बघत बसतात. मीही बसलो होतो. नोकरीपायी आतापर्यंत तीनदा गाव बदललं आहे. पहिल्या खेपेला चांगलाच फसलो, पण त्यात फोटोंचा काही दोष नव्हता, दोष रविवारचा होता. घर बघायला रविवारी सकाळी गेलो. तिथून ऑफिसच्या फाटकापर्यंत गाडीने बारा मिनिटं लागली. हॉल हवेशीर, खिडकीबाहेर मोठं झाड, घरमालक बोलायला मोकळा. तिथल्या तिथे टोकन देऊन टाकलं. मग पहिल्या सोमवारी साडेआठला निघालो आणि वाटेतल्या रेल्वे फाटकापाशी गाड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. ऑफिसला पोचायला बावन्न मिनिटं लागली. पुढचे अकरा महिने मी त्या फाटकावर मालगाड्यांचे डबे मोजत काढले.

त्या अकरा महिन्यांत खिडकीबाहेरच्या झाडाकडे मी किती वेळा पाहिलं असेल? पहिले तीन आठवडे रोज, नंतर फारसं नाहीच. फाटक मात्र रोज दिसत होतं. घर बघायला गेल्यावर जे डोळ्यांत भरतं ते लवकरच सवयीचं होऊन जातं. जाणं-येणं, पाणी, आवाज, ओल या रोजच्या गोष्टींची सवय होत नाही, त्या सलत राहतात. म्हणून पुढचा सगळा क्रम या रोजच्या गोष्टींना धरून लावला आहे. फरशी, रंग, बाल्कनी यांची पाळी शेवटी.

आधी नोकरीची चौकशी करा

घर शोधायच्या आधी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारून घ्या. ईमेलने विचारलं तरी पुरे.

पहिली गोष्ट, बसायची जागा नेमकी कुठे? मुलाखत मुख्य कार्यालयात होते आणि काम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, हे प्रकार नेहमीचे आहेत. वर्षभरात ऑफिस हलणार असल्याची कुणकुण असेल तर तीही काढून घ्या. दुसरी, आठवड्यातून किती दिवस जायचं आणि कोणत्या वेळेत. पाच दिवस जाणाऱ्यासाठी चाळीस मिनिटांचं अंतर जड असतं, पण दोनच दिवस जायचं असेल तर तेवढंच अंतर चालून जातं, आणि घरी बसून काम करायला एक वेगळी खोली जास्त मोलाची ठरते. तिसरी, प्रोबेशन किती महिन्यांचं. सहा महिन्यांचं प्रोबेशन असताना दोन वर्षं न सोडण्याच्या अटीवर घर घेणं म्हणजे नोकरीपेक्षा घराशी जास्त निष्ठा दाखवणं झालं.

चौथी गोष्ट पैशांची. स्थलांतराचा खर्च कंपनी देते का, आणि देत असेल तर कसा? आधी तुम्ही खर्च करायचा आणि बिलं लावायची, की थेट रक्कम मिळते? सुरुवातीच्या काही आठवड्यांची राहण्याची सोय त्यात धरली आहे का? ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर हे पैसे परत द्यावे लागतात का? हे शेवटचं कलम बारीक अक्षरात असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही.

घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा

‘आपल्याला कसं घर हवं?’ असं विचारलं की उत्तरात स्वप्नं येतात. ‘मंगळवारी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तू काय काय करतोस?’ असं विचारा, म्हणजे गरजा कळतात. सकाळी बाथरूमची पाळी कोणाकोणाची एकाच वेळी येते, मुलांना शाळेत सोडायला कोण जातं, संध्याकाळी घरी आधी कोण पोचतं, आजीला जिना चढवतो का, औषधं कोण आणतं. हे कागदावर उतरलं की निम्मे वाद आपोआप मिटतात. उरलेले वाद घर बघताना होण्यापेक्षा आत्ताच झालेले बरे.

मग प्रत्येकाने आपापली एकच न सोडता येणारी अट सांगायची. एकच, कारण प्रत्येकी पाच अटी झाल्या की त्या सगळ्या पुरवणारं घर सापडत नाही आणि शेवटी दमून जे मिळेल ते घेतलं जातं. बाकीच्या सगळ्या ‘असेल तर बरं’ या खात्यात.

घरात नोकरी करणारे दोघे असतील आणि दोघांची ऑफिसं विरुद्ध दिशांना, तर बरोबर मध्ये घर घेणं कागदावर न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोघांचेही हाल होतात, कारण तो मध्य नेमका गर्दीच्या भागात पडतो. मुलांना आणण्या-नेण्याची जबाबदारी ज्याच्यावर जास्त आहे, किंवा ज्याची वेळ अजिबात लवचीक नाही, त्याच्या ऑफिसजवळ घर घ्यावं असं माझं मत. मात्र हे बोलून ठरवा, गृहीत धरू नका.

पैशाचा हिशेब: भाडं हा त्यातला एक आकडा

पगाराच्या तीस टक्क्यांहून जास्त भाडं नको, असं सगळीकडे सांगतात. या आकड्याचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या पंचवीस टक्के ही भाड्याची कमाल मर्यादा ठरवली गेली, आणि १९८१ मध्ये ती तीस टक्के झाली. म्हणजे गरीब कुटुंबांना द्यायच्या मदतीसाठी काढलेला तो प्रशासकीय आकडा होता. तुमच्यावर कर्ज किती, घरात माणसं किती, ऑफिस किती लांब, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही.

म्हणून भाडं एकटं धरू नका. भाडं, इमारतीचा देखभाल खर्च, वीज आणि पाणी, पार्किंग, इंटरनेट आणि येण्या-जाण्याचा महिन्याचा खर्च, अशी एकच बेरीज करा आणि घरांची तुलना या बेरजेवर करा. लांबचं स्वस्त घर बेरजेत जवळच्या महाग घराच्या बरोबरीला येऊन बसतं, आणि कधी त्याच्याही पुढे जातं. त्यात वेळ तर अजून धरलेलाच नसतो. एका वेळच्या प्रवासाला वीस मिनिटं जास्त, दिवसाला दोन खेपा, वर्षाचे २३० कामाचे दिवस धरले तर ९,२०० मिनिटं होतात. साधारण १५३ तास, म्हणजे आठ तासांचे एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांची बिनपगारी नोकरी तुम्ही रस्त्यावर करता.

दुसरा हिशेब पहिल्या महिन्याचा. अनामत, आगाऊ भाडं, दलाली, सामान हलवण्याचा खर्च, पडदे, बल्ब, बादल्या असलं फुटकळ सामान आणि जुन्या घराचं नोटीस काळातलं भाडं, हे सगळं एकदम अंगावर येतं. नव्या नोकरीचा पहिला पगार मात्र महिना संपल्यावर येतो, आणि रुजू व्हायची तारीख महिन्याच्या उत्तरार्धात असली तर कधी कधी त्याच्याही पुढच्या महिन्यात. त्यामुळे दोन महिन्यांचा पूर्ण घरखर्च बाजूला ठेवूनच हलावं.

नकाशावर अंतर मोजू नका, वेळ मोजा

आता नकाशा उघडा. ऑफिसभोवती किलोमीटरचं वर्तुळ काढायचा मोह होतो, पण रस्ते वर्तुळात जात नाहीत. वेळ धरा. रोजच्या जाण्या-येण्यासाठी माणूस दिवसाकाठी साधारण तासभर खर्च करतो, मग तो चालत जाणारा असो की गाडीने, हे निरीक्षण इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं. वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरत गेली, तो तास मात्र जवळपास तेवढाच राहिला. जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास, ही मोजपट्टी म्हणून मला पटते. त्यापुढे जायचं असेल तर बदल्यात काय मिळतंय ते स्वतःला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. अलॉइस श्टुत्सर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबचा प्रवास करणाऱ्यांना त्याचा मोबदला पगारातून किंवा चांगल्या घरातून मिळत असेल, असं अर्थशास्त्राला वाटतं. तो तसा पुरेसा मिळत नसल्याचं त्यांना आढळलं: प्रवास जितका लांब, तितके लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी.

नकाशातल्या ॲपमध्ये ‘या वेळेला पोचायचं आहे’ असं घालता येतं. कामाच्या दिवसाची आणि तुमच्या खऱ्या वेळेची नोंद करा, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. ॲप ‘३५ ते ६० मिनिटं’ असा पल्ला दाखवत असेल तर साठ धरा, कारण वेळेवर पोचायला तुम्हाला रोज साठच हाताशी ठेवावी लागतील.

गर्दीची वाढ सरळ रेषेत होत नाही, हेही ध्यानात घ्या. वाहतूक नियोजनात १९६४ पासून वापरात असलेलं एक अमेरिकी सूत्र आहे. त्यानुसार रस्ता त्याच्या क्षमतेइतका भरला की लागणारा वेळ मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्क्यांनी वाढतो. क्षमतेच्या दीडपट वाहनं आली की वाढ ७५ टक्क्यांच्या पुढे जाते. दुप्पट आली की वेळ तिपटीहून जास्त. भरत आलेल्या रस्त्यावर थोड्याशा जादा गाड्यांनी सगळं तुंबतं ते यामुळे. तुम्ही साडेआठऐवजी आठला निघू शकत असाल तर तोच रस्ता वेगळा भासेल, आणि तुमचं जाणं गर्दीच्या उलट दिशेने होत असेल तर लांबचं घरही परवडेल.

प्रत्येक वस्तीसाठी दुसरा मार्ग आहे का ते बघा. एकच पूल, एकच बोगदा किंवा (माझ्यासारखं) एकच फाटक असेल, तर एका बंद पडलेल्या ट्रकने तुमची सकाळ जाते. बस किंवा रेल्वेने जाणार असाल तर दर किती मिनिटांनी गाडी आहे ते वेगापेक्षा महत्त्वाचं. दर पाच मिनिटांनी येणारी मंद बस ही अर्ध्या तासाने येणाऱ्या जलद गाडीपेक्षा बरी, कारण ती चुकली तरी बिघडत नाही. रात्रीची शेवटची गाडी कधी, तेही लिहून ठेवा.

आणखी एक, जे मला दुसऱ्या बदलीनंतर कळलं. गाडी किंवा दुचाकी चालवत जाणार असाल तर ऑफिसच्या पूर्वेला राहावं. सकाळी पश्चिमेकडे जाता, संध्याकाळी पूर्वेकडे परतता, दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. पश्चिमेला राहणाऱ्याच्या मात्र दोन्ही वेळा डोळ्यांवर ऊन. एवढ्यावरून घर ठरवू नये, पण दोन वस्त्या अगदी तुल्यबळ असतील तर हे पारडं झुकवायला हरकत नाही.

एवढं केल्यावर हातात तीन किंवा चार वस्त्या उरतात. त्याहून जास्त उरल्या तर तुमच्या अटी ढिल्या आहेत.

थेट पक्कं घर घेऊ नका

जमत असेल तर पहिले तीन ते सहा आठवडे तात्पुरत्या जागेत काढा: कंपनीचं अतिथिगृह, महिन्याच्या बोलीवर मिळणारी खोली, ओळखीच्या माणसाकडची जागा. सामान जुन्याच ठिकाणी राहू द्या. सगळं कुटुंब लगेच हलवण्याचीही घाई नको, एकाने आधी जावं. या काळात ऑफिसमधले लोक कुठे राहतात आणि कशाबद्दल कुरकुरतात हे आपोआप कानांवर पडतं. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत नसते. दोनदा सामान बांधायचा त्रास होतो, मान्य. पण अकरा महिन्यांच्या फाटकापुढे तो काहीच नाही.

लांबूनच घर घ्यावं लागत असेल तर तिथल्या एखाद्या भावी सहकाऱ्याला घर बघून यायची विनंती करा. तेही शक्य नसेल तर एजंटला थेट व्हिडिओ कॉल करायला लावा आणि कॅमेरा कुठे फिरवायचा ते तुम्ही सांगा. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओत फक्त दाखवायच्या गोष्टी असतात.

वस्तीत तीनदा जा

पहिल्यांदा कामाच्या दिवशी सकाळी, घरातून निघायच्या वेळेला. शक्य झालं तर तिथून ऑफिसपर्यंत खरोखर जा. दुसऱ्यांदा रात्री दहाच्या सुमारास: दिवे किती लागतात, पायी चालणारे लोक दिसतात का, एकटी बाई निर्धास्त चालताना दिसते का, आवाज कुठून येतो. तिसऱ्यांदा सुट्टीच्या दुपारी, जेव्हा रहिवासी घरात असतात आणि पार्किंगची खरी स्थिती कळते. पावसात जायची संधी मिळाली तर सोडू नका. एरवी हजार प्रश्नांनी जे कळत नाही ते अर्ध्या तासाच्या जोरदार सरीत समजतं.

वस्ती बघताना नजर जरा खाली ठेवा. तळमजल्याच्या भिंतींवर ठरावीक उंचीवर आडवा मळकट पट्टा आहे का? दुकानांचे उंबरे रस्त्यापासून अचानक उंच उचललेले आहेत का? गॅरेजच्या दारापाशी विटांचा छोटा बांध घातलाय का? पाणी कुठवर चढतं ते लोकांनी आपल्या हातांनी भिंतींवर लिहून ठेवलेलं असतं.

माणसांशी बोला, पण ‘एरिया कसा आहे?’ असं विचारू नका. याचं उत्तर ‘चांगला आहे’ एवढंच येतं, कारण स्वतःच्या वस्तीला नावं कोण ठेवणार! घटना विचारा. शेवटचं पाणी कधी गेलं होतं? वीज गेली की साधारण किती वेळाने येते? मागच्या पावसाळ्यात या रस्त्याचं काय झालं? रात्री अचानक दवाखाना लागला तेव्हा कुठे गेलात? इमारतीच्या रखवालदाराला, औषधाच्या दुकानातल्या माणसाला, पार्सल पोचवणाऱ्या मुलाला विचारा. पार्सलवाला दिवसभर लिफ्ट आणि जिने बघत असतो, कोणत्या इमारतीची लिफ्ट कायम बंद असते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

शेजारी रिकामा भूखंड असेल तर खूश होण्याआधी तिथे काय बांधायची परवानगी मिळाली आहे याची स्थानिक पालिकेकडे चौकशी करा. आजची मोकळी हवा म्हणजे उद्याची दोन वर्षं चालणारी खडी-सिमेंटची धूळ असू शकते.

घर बघताना: पाणी, ओल, आवाज, ऊन

घर दाखवणारा माणूस तुम्हाला आधी हॉलमध्ये नेईल. तुम्ही सरळ बाथरूममध्ये जा.

सगळे नळ एकदम सोडा, मग फ्लश ओढा आणि नळांची धार बघा. ती करंगळीएवढी झाली तर सकाळी एकाची अंघोळ चालू असताना दुसऱ्याला थांबावं लागणार. वरच्या मजल्यावर हे जास्त होतं, त्याचं कारण सोपं आहे: पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक बार दाब मिळतो. टाकी तुमच्या छतापासून दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, म्हणजे पंप नसेल तर शॉवरचं नाव काढू नका. मोरीत बादलीभर पाणी ओता आणि निचरा किती वेळात होतो ते बघा. गरम पाणी येतं का, आणि किती वेळाने, तेही.

मग ओल. हिच्याबाबतीत मी जरा हट्टी आहे. दुसऱ्या खेपेच्या घरात पलंगामागच्या भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत तेवढाच ताजा रंग होता. बाकी खोलीचा रंग जुना, किंचित पिवळट; हा तुकडा दुधासारखा पांढरा. ‘भिंत खराब झाली होती म्हणून रंगवून घेतली,’ मालक म्हणाले, आणि मला ती त्यांची काळजी वाटली. भिंत का खराब झाली होती हे विचारायचं सुचलंच नाही. दोन महिन्यांत पोपडे सुटले, त्यामागून लोणा फुटला आणि कपाटातल्या कपड्यांना तो कुबट वास लागला जो कितीही धुतला तरी जात नाही. पलीकडे बाथरूमची भिंत होती, आतला नळ कधीचा झिरपत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दम्याचा धोका वाढतो, असं त्यांत सांगितलं आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ कपड्यांच्या वासापुरता नाही.

म्हणून सगळ्या बाह्य भिंतींवर आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतींवर उलटा हात फिरवा, गारवा लगेच कळतो. खिडक्यांच्या खालचे कोपरे, कपाटांच्या आतली मागची बाजू, सिंकखालची जागा बघा. तुकड्या-तुकड्याने नवा रंग दिसला तर कारण विचारा. घरात शिरताच सुगंधी फवाऱ्याचा दरवळ आला तर कपाटाचं दार उघडून आत नाक घाला. भिंतीतल्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा प्लास्टरच्या असतात. तिरप्या, रुंद होत जाणाऱ्या किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या भेगा असतील तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आवाजासाठी एक गोष्ट करा, थोडी विचित्र दिसेल. खिडक्या बंद करून घ्या आणि सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगा. एजंटलाही. घर बघताना आपण सगळे अखंड बोलत असतो आणि त्यात घराचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही: लिफ्टची मोटर, वरच्यांच्या खुर्च्या, पंप, रस्ता. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची युरोपसाठीची शिफारस आहे. ही मोजणी घराबाहेरची. फोनमधलं आवाज मोजायचं ॲप काटेकोर नसतं, पण दोन घरांची तुलना करण्यापुरतं चालतं. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, एवढं लक्षात ठेवलं की आकडे वाचता येतात.

उन्हासाठी फोनचं होकायंत्र काढा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन पडतं आणि ती संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. गरम हवामानात झोपायची खोली तिथे नको, थंड हवामानात हीच भिंत वरदान. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताचा ताव वेगळा. हवा खेळायची असेल तर खिडक्या समोरासमोरच्या किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत हव्यात, एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांचा तेवढा उपयोग होत नाही.

बाकीचं पटकन. प्रत्येक खोलीत फोनला रेंज येते का ते दार लावून बघा. प्लगचे पॉइंट मोजा. तुमच्या पलंगाचं, कपाटाचं आणि फ्रिजचं माप बरोबर न्या. दाराची आणि लिफ्टची रुंदी, जिन्याचं वळण मोजा. इंटरनेट कोणकोणत्या कंपन्यांचं येतं ते शेजाऱ्याला विचारा.

निवड करताना मन कसं फसतं

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात राहणारे जास्त सुखी असतील, असं तिथल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या, अशा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं त्यांचं समाधान जवळपास सारखंच निघालं. दोन जागांची तुलना करताना जो फरक ठळक दिसतो, त्याला मन अवाजवी वजन देतं. तिथे तो फरक हवामानाचा होता, घरांच्या बाबतीत तो बाल्कनी, उंच छत किंवा नवंकोरं स्वयंपाकघर असतो.

यावर मी एक करतो. दहापैकी गुण देऊन बेरीज काढत नाही, कारण आवडलेल्या घराचे गुण आपण नकळत वाढवतोच. त्याऐवजी घरं बाद करत जातो. कोणाची न सोडता येणारी अट मोडली, बाद. तासाचा हिशेब मोडला, बाद. ओल, बाद. उरलेल्यांतून मग मन म्हणेल ते घ्यायचं. तिथे बाल्कनीसाठी हरखून जायला पूर्ण मोकळीक. आणि घर बघितल्यावर लगेच, खाली रस्त्यावर उभं राहूनच, तीन ओळी लिहून ठेवा. एका दिवसात पाच घरं पाहिली की रात्री दुसऱ्याचं बाथरूम चौथ्या घरात जाऊन बसतं.

सही करण्याआधी

घर न बघता, किल्ली हातात न येता, मालकी न तपासता एक पैसाही देऊ नका. भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी, मालक परदेशात, आणि ‘अजून तिघं रांगेत आहेत, आजच रक्कम पाठवा’ हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. मालकीचा पुरावा आणि मालकाचं ओळखपत्र मागा. खऱ्या मालकाला त्याचं वाईट वाटत नाही.

करारनामा घरी नेऊन सावकाश वाचा. किती महिने घर सोडता येत नाही आणि त्याआधी सोडलं तर काय जातं? नोटीस किती दिवसांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे का? अनामत किती दिवसांत परत, आणि त्यातून काय काय कापता येतं? ‘झीज’ आणि ‘नुकसान’ यांतला फरक लिहिलेला आहे का? गळकी पाइप, बंद पडलेला गीझर, लिफ्टचा मोठा खर्च कोणाकडे? भाडं कधी आणि कितीने वाढणार? बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेल्याने एक कलम आवर्जून मागावं: नोकरी गेली किंवा कंपनीने बदली केली तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल. सगळे मालक मानत नाहीत, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही. घराबाबतचे कायदे ठिकाणागणिक बदलतात, तेव्हा करार दाखवायला तिथलाच वकील गाठा.

तोंडी आश्वासनं (‘रंग करून देतो’, ‘ती खिडकी बदलू’) तारखेसकट करारात किंवा निदान मेसेजमध्ये येऊ द्या. किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा: भिंती, फरशीचे तडे, नळ, कपाटांची दारं, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. घर सोडताना हाच व्हिडिओ तुमची अनामत वाचवतो.

विकत घ्यायचा विचार मनात असेल तर निदान एक वर्ष भाड्याने राहा. नोकरी टिकते का, गाव मानवतं का, कुठल्या भागात मन रमतं, हे कळायला तेवढा काळ लागतोच. शिवाय खरेदीवर शुल्क, नोंदणी, दलाली यांत गेलेले पैसे दोन-तीन वर्षांत घर विकावं लागलं तर सहसा वसूल होत नाहीत.

हलल्यानंतरचे दोन महिने

पहिल्या आठवड्यात खोकी फोडण्याआधी जवळचा दवाखाना, पाण्याचा आणि विजेचा मुख्य बंद करायचा नळ आणि बटण, आणि इमारतीचा तातडीचा फोन क्रमांक, एवढं शोधून ठेवा. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना स्वतःहून जाऊन भेटा. मध्यरात्री छत गळायला लागलं तर ती ओळख उपयोगी पडते. बँक, विमा, मुलांची शाळा, मतदार यादी, सगळीकडचा पत्ता बदलायची एक यादी करा आणि रोज दोन कामं मिटवा.

आणि करारावर सही केली त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये एक तारीख घाला: नोटीस द्यायची मुदत सुरू होण्याच्या महिनाभर आधीची. त्या दिवशी पाणी, आवाज, ओल आणि सकाळचा रस्ता यांबद्दल एकेक ओळ लिहायची आणि राहायचं की हलायचं ते ठरवायचं. पहिल्या घरात मी ही तारीख घातली नव्हती. फाटकापाशी उभं राहायचे त्या अकरा महिन्यांतले शेवटचे चार तरी त्यामुळे वाचले असते.